टपालकाकांची टेप

मास्तर गेले ते मंगळवारी, दुपारी सव्वाबाराला, कापायच्या टेबलाशी उभे असताना. कानामागे खडू होता आणि समोर एका पँटचा डावा पाय कापून झाला होता. उजवा राहिला. आयुष्यात तेवढंच काय ते काम त्यांनी अर्धवट सोडलं, असं नंतर पुष्कळ जण म्हणाले. ज्याची पँट होती तो दोनदा म्हणाला.

चौथ्या दिवशी मुलीनं दुकान उघडलं. गिऱ्हाइकं भेटायला येऊ लागली. येणारा दारातच चेहरा पाडायचा, "फार वाईट झालं, असा शिंपी पुन्हा होणे नाही" म्हणायचा, मग जरा थांबून भिंतीवरच्या हँगरांकडे बघायचा. "माझा कोट होता बघ, राखाडी. घाई नाही म्हणा." घाई नाही म्हणणारे तिनं मोजायला घेतले होते, अकरावर कंटाळून सोडून दिले. राग मात्र आला नाही. बाबा असते तर त्यांनीही आधी कोटच काढून दाखवला असता आणि वर विचारलं असतं, "वजन कशानं वाढवलंस?"

मास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहायचे नाहीत. खांदे राहायचे. रस्त्यात कोणी हात केला की ते हसून हात करत आणि पुढे गेल्यावर मुलीला विचारत, "कोण गं हा?"

"बाबा, बँकेतले साहेब. गेल्याच महिन्यात शर्ट शिवला त्यांचा."

"हां हां, डावा खांदा पाऊण इंच खाली!" असं म्हटल्यावरच त्यांना ओळख पटल्याचं समाधान व्हायचं.

लांबून येणाऱ्या माणसाची कमर ते पाव इंचाच्या फरकानं सांगायचे. मग टेप लावायचे, टेप बरोबर आहे ना ते बघायला. ही नजर मुलीला यावी म्हणून त्यांनी पंचवीस वर्षं खटपट केली. दुकानाच्या पायरीवर बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कमरा ओळखायला लावायचे. ती म्हणायची अडतीस, निघायची साडेएकोणचाळीस. "शिलाई तुझी माझ्यापेक्षा सरस आहे," ते म्हणायचे, "पण नजर नाही हो तुला. जाऊ दे."

आणि त्यांचा एक नियम होता, एकच, पण दगडासारखा. मापाच्या वहीत खोटं माप लिहायचं नाही. याच बँकेच्या साहेबांनी एकदा सोबत बायको होती म्हणून हळूच सांगितलं होतं, "मास्तर, चौतीस लिहा ना. शिवा काय शिवायचं ते." मास्तर म्हणाले, "कमर तुमची, वही माझी." साहेब कापड उचलून तरातरा गेले. दीड वर्षानं परत आले, तोवर चाळीस झाले होते. मास्तरांनी चाळीस लिहिलं. मुलीनंही सोळाव्या वर्षी एका मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून अर्धा इंच कमी लिहिला होता. झालं! बाबांनी पूर्ण झालेला फ्रॉक तिच्याकडून उसवून घेतला आणि दोन दिवस तिला मशीनला हात लावू दिला नाही. "लोक तोंडावर काहीही म्हणतात," ते म्हणाले होते, "म्हणू दे. निदान इथे तरी खरं असू दे."

तिची आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. मास्तरांना वेण्या घालता येत नव्हत्या, त्या ते शिकले. दोन्ही वेण्या टेपनं मोजायचे, फरक निघाला तर "उसव" म्हणायचे आणि पुन्हा घालायचे. रोज शाळेला उशीर. बाईंनी चिठ्ठी पाठवली, तेव्हा मास्तरांनी उलट चिठ्ठी पाठवली की उशीर झाला हे मान्य, पण कृपया वेण्या बघाव्यात. दर वाढदिवसाला तिची उंची मोजून ते मापाच्या वहीत लिहायचे, गिऱ्हाइकासारखी. शेवटची नोंद तिच्या एक्केचाळिसाव्या वाढदिवसाची. उंची वाढायची थांबून तिला चोवीस वर्षं झाली होती, लग्न होऊन सोळा. "बघायला काय जातंय?" ते म्हणायचे.

अशा माणसाला मित्र एकच होता, आणि तोही पुरून उरेल असा.

टपालकाका म्हणजे निवृत्त पोस्टमन. रोज दुपारी चारला यायचे, घड्याळ लावून घ्यावं इतके बरोबर. दाराजवळचं स्टूल त्यांचं. बसल्या बसल्या म्हणायचे, "मास्तर, पंखा लाव." मास्तर म्हणायचे, "कापड उडतं." काका म्हणायचे, "मी शिजतोय इथे." या विषयावर दोघं सव्वीस वर्षं भांडले. दोघांच्याही मुद्द्यांत कधी काही नवीन आलं नाही. साडेपाचला काका उठायचे आणि जाता जाता म्हणायचे, "उद्या येतो, तुझी खोड मोडायला."

काकांना भीती एकाच गोष्टीची होती, वाळण्याची. त्यांचे वडील साठीनंतर वाळत वाळत गेले, थोरले भाऊही तसेच. "आमच्या घरात मरण कमरेकडून येतं," काका सांगायचे, अगदी हवापाणी सांगावं तसं. म्हणून दर वाढदिवसाला ते एक पँट शिवून घ्यायचे. पँटचं निमित्त, खरं काम आकडा ऐकायचं. ऐकायचं तरी कसलं! जन्मभर पाकिटावरचा पत्ता स्वतः वाचल्याशिवाय कोणाच्या हातात न दिलेला माणूस, मास्तरांच्या शब्दावर थोडाच विसंबणार? चष्मा नाकावर चढवून, मान वाकडी करून, टेपवरचा आकडा स्वतः वाचायचा. "छत्तीस!" मग चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खायची.

अकरा वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि काकांनी अंथरूण धरलं. जेवण सोडलं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. काका म्हणाले, "डॉक्टर नवीन आहे, त्याला आमचं घराणं ठाऊक नाही." मुलगी तेव्हा नुकती दुकानात पूर्णवेळ बसू लागली होती, तिला ती दुपार चांगली आठवत होती. बाबा टेप गळ्यात घालून काकांकडे गेले. अर्ध्या तासानं परत आले, पडद्यामागे गेले, म्हणाले, "पाणी पितो," आणि पुन्हा गेले. संध्याकाळी काका चालत दुकानात हजर! "छत्तीस," म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी वाचलं." आणि तिच्या डब्यात उरलेलं सगळं जेवण त्यांनी उभ्या उभ्या संपवलं. त्यानंतर दर वर्षी छत्तीस. खाडा नाही.

आता मास्तर गेल्यावर गल्लीतल्या दुकानदारांनी ठरवलं की पुढच्या रविवारी सकाळी एक छोटी सभा घ्यायची आणि त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचे. बोलणार कोण? सगळ्यांनी टपालकाकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "बोलतो. पण नवी पँट पाहिजे. जुन्या पँटमध्ये गेलो तर तो मला वरून नावं ठेवील."

मुलीनं कापड घेतलं आणि वही उघडली. काकांचं पान बाबा स्वतः लिहायचे, पँटही स्वतःच कापायचे, तिनं ते कधी निरखून पाहिलं नव्हतं. दर वर्षीच्या ओळीत कमर छत्तीस, शेजारी टाचलेला कापडाचा नमुना, आणि बऱ्याच ओळींत नमुन्याच्या बाजूला पिवळट रंगाची काहीतरी चिंधी चिकटवलेली. बाबा काहीही टाकून द्यायचे नाहीत, तुटक्या बटणाचा तुकडासुद्धा जपायचे, म्हणून तिला त्याचं नवल वाटलं नाही. छत्तीस म्हणजे छत्तीस. बाबांच्या वहीत लिहिलेलं माप पुन्हा घ्यायचं म्हणजे त्यांचा अपमानच. तिनं टेप न लावता पँट कापली, शिवली, इस्त्री केली.

काका चारला आले, पडद्यामागे गेले, पँट घालून बाहेर आले आणि बटण लावून हात सोडले. पँट खाली गेली.

अगदी सरळ, कुठेही न अडखळता, घोट्यांपर्यंत गेली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी एकदम बाहेरच्या रस्त्यात रस घेतला. काकांनी वाकून पँट वर ओढली आणि कमरेशी मुठीत धरून ठेवली. मुठीबाहेर बरंच कापड उरलं.

"काहीतरी चुकलं माझं," ती घाईनं म्हणाली. तिनं गळ्यातली टेप काढली, काकांच्या कमरेला लावली आणि वाचली. काकांनीही वाचली. चष्मा होताच नाकावर.

एकतीस.

काका मागे वळले. आत गेले, आपली जुनी पँट चढवली, पट्टा ओढून बांधला. पट्ट्याचं टोक बकलातून निघून पार पाठीपर्यंत गेलेलं होतं, पण त्या वेळी तिचं लक्ष तिकडे नव्हतं. "येतो," म्हणाले आणि निघाले. पंख्याचं नावसुद्धा काढलं नाही. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. सहाव्या दिवशी काकांच्या शेजारीण बाई फाटकी उशी शिवून घ्यायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "ते पोस्टमन झोपूनच असतात हो. म्हणाले, रविवारच्या सभेला दुसरं कोणी बघा."

बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. काम होतं, आणि रडायला बसायचं तर दुकानात जागा कुठे होती? पण ते चार वाजताचं रिकामं स्टूल तिला बघवेना. बाबा गेले त्याला कोणाचा इलाज नव्हता. काका आता जाणार होते ते तिच्या हातानं, तिच्या टेपनं. बाबांनी या माणसाला अंथरुणातून उठवलं होतं आणि तिनं त्याला परत तिथेच नेऊन निजवलं होतं.

उशी तशीच ठेवून तिनं पडद्यामागे बाबांचा खण उपसायला घेतला. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी केलं काय, एवढंच तिला कळायला हवं होतं. खणात बोथट सुया, खडूचे तुकडे, तिच्या शाळेतल्या बाईंची चिठ्ठी, आणि तळाशी गुंडाळलेली एक जुनी पिवळी टेप. उलगडून बघते तर टोकाला पितळी पट्टी अगदी व्यवस्थित बसवलेली, आणि पट्टीनंतर पहिला आकडा पाच.

तिनं पुन्हा पाहिलं. एक नाही, दोन नाही, तीन नाही, चारही नाही. टेप साडेचारापासून सुरू होत होती.

मग ती वही घेऊन बसली. काकांच्या पानावरच्या त्या चिंध्या चिंध्या नव्हत्याच. टेपचे तुकडे होते. काकू गेल्या त्या वर्षीचा दीड इंचाचा, त्यावर एकचा आकडा. पुढच्या वर्षी अर्ध्याचा. मग दोन वर्षं काही नाही, मग पुन्हा अर्धा. सगळे तुकडे जोडून वाचले तर एक, दोन, तीन, चार आणि वर अर्धा. अकरा वर्षं काका छत्तीसचे छत्तीस राहिले होते आणि त्यांच्या वाट्याची टेप वाळत गेली होती.

आधी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वा रे नियम! अर्ध्या इंचासाठी सोळा वर्षांच्या पोरीकडून अख्खा फ्रॉक उसवून घेतला, आणि स्वतः अकरा वर्षं कात्री लावून बसले होते! ती दुकानात एकटीच मोठ्यानं म्हणाली, "धन्य आहे तुमची, बाबा." मग तिनं पान परत वाचलं. छत्तीस, आणि शेजारी जेवढं कापलं तेवढं चिकटवलेलं. वजाबाकी करायला कोणीही बसावं, बरोबर उत्तर यावं. तोंडानं त्यांनी मित्राला काय हवं ते सांगितलं होतं, पण वहीत तसूभर खोटं नव्हतं. तिला हसू आलं आणि त्या हसण्याचं पुढे काय होणार हे लक्षात येऊन तिनं ते आवरलं.

शनिवारी सकाळी ती पिवळी टेप, वही, डिंकाची बाटली आणि कात्री पिशवीत घालून काकांकडे गेली.

काकांची खोली लहान. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत काकूंचा फोटो, आणि दारामागे खिळ्याला पोस्टाची जुनी रिकामी पिशवी. काका भिंतीकडे तोंड करून निजले होते. तिला बघून उठून बसले. अंगात बंडी, आणि पँटवर तोच पट्टा.

"कशाला आलीस? दुकान कोण बघतंय?"

"बंद ठेवलंय. काका, त्या दिवशी माझी टेप खराब होती. नवीन आहे, ताणली जाते. बाबांच्या टेपनं माप घ्यायला आलेय."

काकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "घे," म्हणाले आणि पलंगावरून उतरून उभे राहिले, हात जरा बाजूला करून, दर वर्षी उभे राहायचे तसे.

आता आली पंचाईत. टेप साडेचारापासून सुरू होत होती, आणि तिच्या टेपनं कमर भरली होती एकतीस. म्हणजे अर्धा इंच कापायचा. पण त्यालाही सहा दिवस झाले होते, आणि काका त्यातले पाच झोपून होते. आणखी उतरले असणारच. किती? हे बघायला बाबांची नजर हवी होती. तिनं डोळे बारीक करून काकांच्या कमरेकडे पाहिलं, पायरीवर बसून पाहायची तसं. साडेतीस, तिला वाटलं. साडेतीसच.

"पाणी पिऊन येते," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाठमोरी उभी राहून तिनं पितळी पट्टी दातांनी सैल केली, एक इंच मोजला आणि कात्री चालवली. पट्टी परत बसवून दाबली, नळ सोडून बंद केला आणि बाहेर आली.

टेप कमरेभोवती नेली, पुढे आणून जुळवली. काकांनी चष्मा चढवला, मान वाकडी केली.

"साडेछत्तीस," ते म्हणाले.

तिनंही वाकून आकडा पाहिला. खिडकीबाहेर कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"पाच दिवस झोपून होतो खरा," काका सावकाश म्हणाले, "पण शेजारीण बाई दोन्ही वेळा ताट आणून देतात आणि संपेस्तोवर उभ्या राहतात. काही उतरलो-बितरलो नाही." मग चष्मा काढून बंडीला पुसत म्हणाले, "तुझ्या बापाचा अंदाज असा कधी चुकला नाही हो."

तिनं टेप ओढून हातात घेतली.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, पट्ट्याला भोकं कोण पाडतं? मीच पाडतो ना खिळ्यानं." त्यांनी पट्ट्याचं पाठीकडे गेलेलं टोक पुढे ओढून दाखवलं. कारखान्यात पाडलेली पाच भोकं एका रांगेत, आणि त्यांच्यापुढे वेडीवाकडी सहा. "दर वर्षी माप घ्यायच्या आधी पडद्यामागे जायचा, पाणी प्यायला. घोटभर पाण्याला कात्री कशाला लागते, हे मी कधी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही."

"मग त्या दिवशी तसे निघून का गेलात? मला वाटलं, एकतीस वाचलंत आणि..."

"एकतीसचं काय घेऊन बसलीस!" काका एकदम खेकसले. मग खाली बसले. "एकतीस तर एकतीस. पण त्या दिवशी तू सरळ टेप लावलीस बघ. पाणी प्यायला गेली नाहीस. तेव्हा कळलं मला, तो गेला म्हणून. तोवर नुसतं ऐकलं होतं."

मग मात्र तिला आवरलं नाही. बाबा गेले त्या मंगळवारपासून साठलेलं सगळं एकदम आलं. काकांच्या पलंगावर बसून ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. बाबा हवे होते. बाकी काही नको, पायरीवर बसून "नजर नाही हो तुला" म्हणायला ते हवे होते, असं ती मोठ्यानं म्हणाली. काका शेजारी बसून होते, तेही रडत होते, पण त्यांनी आधी तिच्या मांडीवरची टेप उचलून बाजूला ठेवली.

"भिजवू नकोस, आखडेल," ते म्हणाले. "आधीच फार उरलेली नाही ती."

थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं. काकांनी चहा टाकला आणि रविवारी भाषणात काय बोलायचं नाही याची यादी तिला ऐकवली. पंख्याचा विषय ते काढणारच होते. पँट संध्याकाळपर्यंत होईल का, म्हणाले. होईल, ती म्हणाली, आधी आत घ्यावी लागेल, बरीच.

"मग लिही माप," काका म्हणाले.

तिनं वही उघडली. "किती लिहू?"

"वाचलं तेवढं लिही. मास्तरांच्या वहीत खोटं चालायचं नाही."

तिनं बाबांच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली, साडेछत्तीस लिहिलं आणि शेजारी डिंकानं आपला तुकडा चिकटवला. एक इंचाचा, मधोमध पाचचा आकडा असलेला. कडेला तो जरा तिरका कापला गेला होता.